स्वतः घडविलेली गाडी आणि परक्याचे ऋण

विमा हा विषय साहित्याच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. विमा म्हटला की आपल्याला हप्ता, पावती आणि मुदत एवढेच आठवते. परंतु ज्या सुरतेच्या परिसरात आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तेथे हा विषय फार जुना आहे. सुरतेचे व्यापारी जोखमी हुंडी काढीत. माल ठिकाणी पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे देय होत. गलबत वाटेत बुडाले तर तोटा हुंडी विकत घेणाऱ्याने सोसावा, असा तिचा करार असे. याज्ञवल्क्य स्मृतीनेही अरण्यातून व्यापारास जाणाऱ्याकडून शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याकडून शेकडा वीस व्याज घेण्यास मुभा दिली आहे. संकट आले तर ते कोणाच्या अंगावर पडावे, हे आधीच बोलून ठेवावे, ही समज आपल्याकडे पूर्वापार आहे. म्हणून विम्याचा प्रश्न पैशाचा असला, तरी त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे : मी पत्करलेली जोखीम खरोखर माझ्या एकट्याची असते काय?

हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो स्वतःच्या हातांनी गाडी घडविणाऱ्या माणसाच्या बाबतीत. विकत घेतलेल्या गाडीची जबाबदारी अनेकांत वाटली गेलेली असते. कोणी आराखडा करतो, कोणी चाचणी घेतो, कोणी प्रमाणपत्र देतो, कोणी विकतो, आणि शेवटी आपण ती चालवितो. घरी घडविलेल्या गाडीत आराखडा करणारा, जोडणारा, तपासणारा आणि हाकणारा असा एकच मनुष्य असतो. कर्तृत्व त्याचे एकट्याचे, तसा दोषही त्याचा एकट्याचा. अशा माणसाने विमा का उतरवावा, केव्हा उतरवावा आणि मुळात त्याला तो मिळतो काय, याचा विचार करू गेल्यास बरेच काही हाती लागते.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मस्थान. ज्या द्विभाषिक मुंबई राज्यात सुरत जिल्हाही होता, त्याचे ते मुख्यमंत्री होते; त्यामुळे ते नाव आपल्याला परके नाही. त्याच देवराष्ट्र्यात दत्तात्रेय लोहार या कारागिराने भंगारातील सुटे भाग जमवून, सुमारे ६० हजार रुपये खर्चून, मुलाच्या हौसेसाठी जीपसारखी एक लहानशी चारचाकी तयार केली. मोटारसायकलीप्रमाणे पायाने किक मारून ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. पण त्याच वेळी असेही सांगितले की, ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला रस्त्यावरून हटवावे लागेल. म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती अदलाबदल झाली.

सगळ्यांना आनंद झाला, आणि तो योग्यच होता. तरीही या घटनेत एक बोच आहे. कारागिराला त्याच्या कौशल्याचे बक्षीस म्हणून दुसऱ्याने बनविलेली गाडी मिळाली, आणि त्याची स्वतःची गाडी रस्त्याऐवजी कौतुकाची वस्तू ठरली. समाजाने त्याला जणू सांगितले, ‘तुझा हात थोर आहे, पण तुझ्या हाताची हमी घ्यायला आमच्याकडे व्यवस्था नाही.’ ज्या वस्तूची हमी कोणी घेऊ शकत नाही, तिचा विमाही कोणी उतरवीत नाही.

आता घडणीच्या अवस्था एकेक करून पाहू. पहिली अवस्था गाडी अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तयार होत असतानाची. येथे प्रथमच तत्त्वज्ञानाची गाठ पडते. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद प्रसिद्ध आहे. नागसेन राजाला विचारतो की, ज्या रथातून आपण आलात तो रथ म्हणजे नेमके काय? चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? यांपैकी कोणताही एक भाग रथ नव्हे, हे राजाला मान्य करावे लागते. विमा कंपनीपुढे हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. शेडमध्ये पडलेले इंजिन, चार चाके, वेल्डिंग केलेला सांगाडा आणि खोक्यातील दिवे हे घरातील सामान समजायचे की वाहन? घराच्या विम्यात वाहने सहसा वगळलेली असतात. मोटारीचा विमा उतरवायचा तर नोंदणी, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक लागतात. म्हणजे सुट्या भागांना आग लागली तर घराचा विमा म्हणेल हे वाहन आहे, आणि मोटारीचा विमा म्हणेल हे वाहन नाही.

कायद्याने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील व्याख्येनुसार, जिच्यावर अद्याप बॉडी चढविलेली नाही अशी चासीसुद्धा मोटार वाहनच होय. नागसेनाला हे उत्तर कितपत रुचले असते हे सांगवत नाही. पण कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. ज्या देशांत अशा गाड्या जोडण्याची रीत रुळली आहे, तेथे यावर व्यवहारी तोडगा निघाला. इंग्लंडमध्ये १९५७ साली निघालेली लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळे, कारण तशी घेतल्यास खरेदी कर वाचत असे. लोक ती आपल्या गॅरेजमध्ये जोडीत. आपल्याकडे अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्स या छोट्या उद्योगाने त्याच वळणाची एक रोडस्टर बनविली होती. विलायतेत अशा जोडणीच्या काळासाठी वेगळा विमा मिळतो. त्यात आग, चोरी आणि अपघाती नुकसान येते, आणि भागांची खरेदी जसजशी वाढते तसतशी विम्याची रक्कम वाढविता येते. गाडी पूर्ण होऊन रस्त्यावर आली की पॉलिसी बदलते.

परंतु येथेही एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे श्रमाचे मोल. विम्याचे मूलतत्त्व नुकसानभरपाई हे आहे. झालेल्या तोट्याएवढेच मिळावे, त्यातून नफा होऊ नये. इंजिनाचे बिल दाखविता येते, टायरचे दाखविता येते. तीन वर्षांच्या रविवारांचे बिल कोठून आणावे? आपल्याकडे मोटारीची विमाकृत किंमत ठरते ती उत्पादकाच्या जाहीर विक्रीकिमतीतून घसारा वजा करून. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा टक्के, आणि अशा रीतीने पाचव्या वर्षाअखेर निम्मी. ज्या गाडीला उत्पादकही नाही आणि जाहीर किंमतही नाही, तिला हे कोष्टक कसे लागू करावे? याला मार्ग एकच, आणि तो म्हणजे दोन्ही पक्षांनी आधी किंमत मान्य करून ठेवणे. जुन्या, दुर्मिळ मोटारींसाठी तो वापरला गेलेला आहे. विलायतेत घरच्या गाड्यांनाही लागू होतो. त्यासाठी छायाचित्रे, पावत्या आणि जाणकाराचा दाखला जपून ठेवावा लागतो. मला यातील शिस्त महत्त्वाची वाटते. स्वतःच्या श्रमांचे मोल दुसऱ्याला पटवून द्यायचे, तर ते प्रथम प्रामाणिकपणे नोंदवावे लागते. विमा हा परम सद्‌भावाचा करार आहे, हे तत्त्व १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या निकालाने दृढ झाले. वस्तूतील उणीव जो जाणतो, त्याने ती न विचारताही सांगावी, असा त्याचा आशय. आणि घडविणाऱ्याइतकी उणीव दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

दुसरी अवस्था सर्वांत नाजूक. गाडी पूर्ण झाली आहे, पण नोंदणी झालेली नाही. घडविणाऱ्याला वाटते, निदान हमरस्त्यापर्यंत नेऊन पाहावी. कायदा येथे कठोर आहे. नोंदणीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविता येत नाही, आणि नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली असल्याने एका गाडीच्या मालकाला ती झेपणे अवघड. विम्याच्या बाजूनेही दार बंदच आहे. २०१४ मध्ये नरिंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणणे हा केवळ दंडनीय अपराध नसून विम्याच्या अटींचा मूलभूत भंगही आहे. त्या प्रकरणातील गाडी तर कारखान्यातून आलेली होती. फक्त तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली होती. तरीही तिच्या नुकसानीची भरपाई नाकारली गेली. मग घरच्या गाडीची काय कथा!

आणि कोणी म्हणेल की ही मोटार नव्हेच, हा नुसता जुगाड आहे, तर तीही पळवाट उरलेली नाही. उत्तर भारतात पाणी उपसण्याचे डिझेल इंजिन लाकडी गाड्यावर बसवून माणसे वाहण्याचा जो प्रकार चालतो, त्याविषयी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जुगाड हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्यालाही नोंदणी हवी आणि विमाही हवा.

आमच्या वस्तीत, कामरेज चार रस्त्यापासून जवळच, एक तरुण अशी गाडी घडवीत आहे. जुन्या मारुती आठशेचे इंजिन, नळ्यांचा सांगाडा आणि हाताने ठोकून काढलेला पत्रा. दिवसा तो भरतकामाच्या यंत्रांची दुरुस्ती करतो, रात्री गाडीचे काम. मी सरकारी नोकरीत होतो म्हणून नियम विचारायला तो माझ्याकडे येतो. एकदा तो म्हणाला, “काका, गाडी माझी, जीव माझा. प्रत्येक नटबोल्ट मी स्वतः आवळला आहे. या रस्त्यावरचे निम्मे टेम्पो माझ्या गाडीपेक्षा वाईट आहेत. मग त्यांना कागद आहेत आणि मला नाहीत, यात न्याय कोणता?”

त्याच्या बोलण्यातील तीनही मुद्दे विचारात घेण्याजोगे आहेत. ‘जीव माझा’ हा पहिला. १९८८ च्या अधिनियमातील कलम १४६ पाहिले, तर त्यात सक्ती आहे ती परक्याच्या जोखमीच्या विम्याची. आपली गाडी जळाली, चोरीस गेली, तर तो आपला प्रश्न. त्यासाठी विमा उतरवा अथवा न उतरवा. पण तिच्यामुळे दुसऱ्याचे जे होईल, त्याची तजवीज केल्याशिवाय रस्त्यावर पाऊल ठेवू नका, असे कायदा सांगतो. ही सक्ती ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने आली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. कायद्याने स्वतःची जोखीम आणि परक्याची जोखीम यांत जो भेद केला, तो मला नीतिशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. धाडस हा सद्‌गुण आहे. मात्र तो स्वतःच्या पदरच्या भांडवलावर केलेला असावा. दुसऱ्याच्या हाडामांसावर केलेल्या धाडसाला धाडस म्हणत नाहीत.

दुसरा मुद्दा ‘नटबोल्ट मी आवळला आहे’ हा. कारागिराचा हा आत्मविश्वास आदरास पात्र आहे. परंतु काळजी घेतली म्हणून जबाबदारी संपते, असे आता कायदाही मानीत नाही. १९८७ मध्ये गुजरात राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसखाली मृत्यू पावलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा विचार मांडला की, धोकादायक वस्तू आपल्या आवारात बाळगणाऱ्यावर जी बिनशर्त जबाबदारी येते, तिचे तत्त्व काही अंशी रस्त्यावरील मोटारीलाही लागू पडते. त्याआधीच, १९८२ मध्ये, चूक सिद्ध न होताही काही ठरावीक भरपाई देण्याची तरतूद कायद्यात आली होती. आजच्या कायद्यात अशी भरपाई मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये आहे. म्हणजे प्रश्न ‘तू निष्काळजी होतास काय’ एवढाच नाही. ‘तुझ्या वस्तूमुळे ज्याचे घर बसले, त्याच्याकडे कोण पाहणार’ हा आहे.

चार रस्त्यावर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले की हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. मुंबई–अहमदाबाद महामार्गाचा अखंड ओघ, उसाचे ट्रॅक्टर, कामावरून सुटलेले कारागीर, पोराला कडेवर घेऊन रस्ता ओलांडणारी मजूर बाई. या बाईने त्या तरुणाच्या वेल्डिंगची परीक्षा घेतलेली नाही, तिला ती घेता येणारही नाही. त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरविण्याची संधीच तिला मिळत नाही. उद्या एखादा सांधा उकलला आणि ती जन्माची अधू झाली, तर न्यायाधिकरण निवाडा देईल. पण विमा नसेल तर तो निवाडा त्या तरुणाच्या घरादारावर बजावला जाईल. त्याचे घर विकूनही बाईची भरपाई पुरती होणार नाही. दोन घरे बसतील आणि न्याय मात्र अर्धाच होईल.

तिसरा मुद्दा मोडकळीस आलेल्या टेम्पोंचा. तो खरा आहे, आणि त्याचे उत्तर त्या तरुणाने नव्हे, शासनाने द्यायला हवे. कागद धड असलेले वाहन धड असतेच असे नाही. मात्र त्या टेम्पोला विमा असला, तर त्याखाली सापडलेल्या माणसाला हक्काने दार ठोठावण्यासाठी एक ठिकाण तरी आहे. दुसऱ्याचे दुर्लक्ष हे आपल्या कर्तव्यातून सुटकेचे कारण होऊ शकत नाही.

येथपर्यंत मी कायद्याची बाजू घेतली. पण ज्याने आयुष्य नियम लागू करण्यात घालविले, त्याने नियमांची उणी बाजूही सांगितली पाहिजे. जो नियम केवळ ‘नाही’ म्हणतो आणि ‘असे केलेस तर होय’ हे सांगत नाही, तो अर्धाच नियम. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी विशेष शिक्षण नसताना १९४९ मध्ये छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे ‘मीरा’ या नावाने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीचा ध्यास कित्येक वर्षे घेतला. ती गाडी बाजारात कधीच आली नाही. आपल्या गायकवाडी मुलखाने याच्या उलट धडा घालून दिला होता. कामरेज तालुका तेव्हा बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतात होता. त्या राज्याने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले, ते हाताच्या कसबाला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. कसबाला शिस्त लावणे आणि कसब दडपणे यांतील फरक त्या राज्यकर्त्यांना कळत होता.

ब्रिटनने १९९८ पासून एकेकट्या गाडीच्या तपासणीची पद्धत आणली आणि २००९ पासून तिला नवे रूप दिले. ब्रेक, दिवे, सुकाणू, आसनपट्टे, धूर हे सारे तपासून एकाच गाडीला मंजुरी मिळते. भागांचे वय किंवा ओळख निश्चित करता आली नाही, तर तिच्या क्रमांकाच्या आरंभी ‘क्यू’ हे अक्षर येते. म्हणजे तिची अनिश्चितता तिच्या कपाळावरच लिहिलेली असते. यातील प्रामाणिकपणा मला आवडतो. कारागिराला वाटही मिळते आणि परक्याला अंधारातही ठेवले जात नाही. आपल्याकडे जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या साहाय्याने, माफक शुल्कात, अशी तपासणी होऊ शकली, तर विमा कंपन्यांनाही आधार मिळेल. जोखीम मोजता आली की तिची किंमत ठरविता येते. न मोजता येणाऱ्या जोखमीला कंपनी नकारच देणार.

एक आक्षेप शेवटी उरतो. पैसे भरून जोखमीचा परवाना विकत घेता येतो काय? हप्ता भरला की बेफिकिरी आली, असे घडते, हे खरे. गेलेला जीव पैशाने परत येत नाही, हेही खरे. म्हणून विमा हा कर्तव्याचा शेवट नव्हे, आरंभ आहे. आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली आहे. माणूस जन्मतःच इतर माणसांचे देणे लागतो, मग त्याने त्यांना पाहिलेले असो वा नसो. रस्त्यावर येणारा प्रत्येक जण न पाहिलेल्या माणसांचा असा ऋणी असतो. विम्याचा हप्ता ही त्या ऋणाची फेड नव्हे. हे ऋण मला मान्य आहे, अशी ती लेखी कबुली होय.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले की, गाडी अवश्य पुरी कर. भागांच्या पावत्या आणि कामाची छायाचित्रे जपून ठेव. शेडमधील सामानाचा विमा उतरवताना तेथे काय आहे ते स्पष्ट लिहून दे. रीतसर मंजुरी मिळत नाही तोवर ती आपल्या कुंपणाच्या आत चालव, मग त्यास दोन वर्षे लागोत की दहा. आणि मंजुरीसाठी अर्ज करीत राहा. नकार आला तर कारणे लेखी माग. अर्जच कोणी केले नाहीत, तर असा नियम हवा हे शासनाला कळणार तरी कसे? तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, अर्ज कोणाच्या नावे करायचा, तेवढे सांगा.”